बाळ ठणठणीत आहे? मग दाखवून आणा

घरात नवं बाळ आलं की सगळं घर त्याच्याभोवती फिरतं. पाचवी होते. बारशाची यादी होते. आत्या नावं शोधत बसते. या धांदलीत एक कागद मात्र हमखास मागे पडतो. दवाखान्यातून सुट्टी देताना तो तुमच्या हातात दिलेला असतो. त्यावर सिस्टरने पेनाने लिहिलेलं असतं, अमुक तारखेला बाळाला दाखवायला आणा.

ती तारीख येते. घरातलं कुणीतरी म्हणतं, "बाळ तर ठणठणीत आहे. दूध पितंय, झोपतंय. कशाला उगाच बाहेर काढायचं?"

आणि तारीख निघून जाते.

आजारी बाळाला घेऊन तुम्ही रात्री दोन वाजतासुद्धा धावता. त्यासाठी तुम्हाला कुणी सांगावं लागत नाही. हे आवाहन ठणठणीत दिसणाऱ्या बाळासाठी आहे.

तान्ह्या बाळाला दुखणं सांगता येत नाही, हे तर झालंच. पण पुष्कळदा त्याला काही दुखतही नाही. ज्याला ऐकू येत नाही ते बाळही इतरांसारखंच रडतं, इतरांसारखंच दूध पितं. खुबा नीट बसलेला नसेल तर बाळाला कळ येत नाही. ते चालायला लागल्यावर लंगडतं, तेव्हा घराला कळतं. थायरॉइड कमी असलेलं बाळ तर फार शांत असतं. फारसं रडत नाही, झोपून राहतं. पाहुणे म्हणतात, किती गुणी बाळ आहे! अशा गुणी बाळाला आम्ही डॉक्टर जरा जास्तच निरखून बघतो.

थायरॉइडचं औषध म्हणजे रोजची एक छोटी, स्वस्त गोळी. ती पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली तर बाळाची बुद्धी इतर मुलांसारखी वाढते. सहा महिन्यांनी कळलं तरी गोळी तीच असते, पण मधल्या काळात मेंदूचं झालेलं नुकसान भरून येत नाही. म्हणून तारखेला एवढं महत्त्व.

दवाखाना सोडण्याआधी

सुट्टी मिळाली की घाई होते. रिक्षा दाराशी उभी असते, औक्षणाचं ताट घरी तयार असतं. तरी दहा मिनिटं थांबा.

आधी बाळाचं वजन कागदावर लिहून घ्या. "अडीचच्या आसपास" असं नको. २ किलो ६८० ग्रॅम, असं हवं. पुढचे पंधरा दिवस सगळा हिशोब या आकड्यावरून व्हायचा आहे.

मग विचारा, जन्माचे डोस झाले का? ते तीन असतात. डाव्या दंडावर बीसीजी, तोंडात पोलिओचे थेंब आणि मांडीत कावीळ ब ची लस. ही काविळीची लस जन्मापासून २४ तासांच्या आत द्यायची असते. याशिवाय व्हिटॅमिन के चं एक इंजेक्शन असतं. तान्ह्या बाळाचं रक्त लवकर गोठत नाही. हे इंजेक्शन राहिलं तर पुढच्या काही आठवड्यांत आतल्या आत रक्त जाऊ शकतं, अगदी मेंदूतसुद्धा. बाळंतपण घरी किंवा गाडीत झालं असेल तर हे हटकून राहून जातं. आठवणीने विचारा.

आईचा रक्तगट घरातल्या दोघांना तरी पाठ हवा. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल किंवा ओ असेल, तर बाळाला कावीळ लवकर आणि जोरात होऊ शकते. डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आपणहून सांगा.

बाळाने पहिल्या २४ तासांत काळी शी केली का? ४८ तासांच्या आत शू केली का? सिस्टर पाळीप्रमाणे बदलतात. आई थकलेली असते. बाळोती बदलते ती आजी. म्हणजे याचं उत्तर आजीकडेच असतं. डॉक्टर राउंडला येतील तेव्हा गर्दी नको म्हणून आजीला खोलीबाहेर पाठवू नका.

कानाची तपासणी आणि टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन थायरॉइडची तपासणी, या दोन्ही सगळ्याच दवाखान्यांत होतात असं नाही. झाल्या का ते विचारा. झाल्या नसतील तर कुठे होतील ते विचारा. कानाच्या तपासणीला टोचत नाहीत. झोपलेल्या बाळाच्या कानात एक मऊ बोंडूक ठेवतात, काही मिनिटांत काम होतं. ती पहिल्या महिन्यात व्हावी. काही दोष वाटला तर तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान व्हावं आणि सहाव्या महिन्यापर्यंत यंत्र किंवा पुढचा उपचार सुरू व्हावा. ज्याच्या कानावर शब्द पडत नाहीत ते मूल बोलायला शिकत नाही. आपल्याकडे मात्र "याचा बापही उशिराच बोलला होता" असं म्हणत घर दोन-दोन वर्षं वाट बघतं.

तिसरा ते पाचवा दिवस

सगळ्यांत जास्त बुडते ती ही भेट. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची हीच.

साधं बाळंतपण झालं तर दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. बाळाची कावीळ वाढते ती तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. म्हणजे बाळ घरी आल्यावर. तेव्हा बघायला ना सिस्टर असते ना डॉक्टर. तुम्हीच असता.

घाबरू नका. बहुतेक बाळांना थोडी कावीळ होतेच आणि बहुतेकांची आपोआप उतरते. पण काही बाळांची इतकी वाढते की ती मेंदूपर्यंत पोचते. मग ऐकू येणं जातं, हातपाय ताठ होतात, आणि ते कायमचं राहतं. हे सगळं टाळायला बहुतेक वेळा निळ्या उजेडाखालचे दोन-तीन दिवस पुरतात. बाळाला काचेच्या पेटीत ठेवायचं म्हटलं की आईच्या पोटात गोळा येतो. साहजिक आहे. पण बाळाचे डोळे झाकलेले असतात. दूध पाजायला त्याला बाहेर घेता येतं. सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या मोफत आहेत. ने-आणही मोफत आहे.

घरी कावीळ कशी बघायची? बाळाला दिवसाउजेडी खिडकीपाशी न्या. बल्बखाली कळत नाही. बोटाने कपाळ हलकंच दाबून सोडा. मग छाती, मग मांडी. बोट उचलल्यावर खालची कातडी पिवळी दिसते का बघा. कावीळ डोक्याकडून पायांकडे उतरते. तळहात-तळपाय पिवळे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जन्मल्यावर पहिल्या २४ तासांतच बाळ पिवळं दिसलं तरी तसंच करा. सावळ्या बाळात हे ओळखणं अवघड जातं. म्हणूनच डॉक्टरांच्या डोळ्याखालून, लागलं तर यंत्राने किंवा रक्त तपासून, खात्री करून घ्यायची.

"कोवळ्या उन्हात धरा, उतरेल," असं तुम्हाला दहाजण सांगतील. ऊन हा वाढलेल्या काविळीवरचा उपचार नाही. उघडं बाळ थंडीत गारठतं, उन्हात पोळतं, आणि हाताशी असलेले दोन दिवस निघून जातात.

आणखी एक, जे सहसा कुणी सांगत नाही. बाळासाठी ट्रंकेतून ठेवणीतली दुपटी, झबली, जुन्या साडीची गोधडी निघते. ट्रंकेत डांबरगोळ्या असतात. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक घटक कमी असतो. अशा बाळाला डांबरगोळीच्या नुसत्या वासानेही कावीळ भडकू शकते. आपलं बाळ त्यातलं आहे की नाही, हे आधी कळत नाही. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवूच नका. ठेवल्या गेल्या असतील तर ते कपडे, ती गोधडी पहिले काही महिने बाजूला राहू द्या.

याच भेटीत वजन होतं. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन घटतं. सगळ्यांचंच घटतं. जन्माच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापर्यंत घट चालते. बाळ तीन किलोचं असेल तर तीनशे ग्रॅम. त्याहून जास्त घटलं तर दूध पोटात जात नाही, असं समजायचं. मग बाळ छातीला नीट धरतं का, हे डॉक्टर किंवा सिस्टर समोर बसवून बघतात. बहुतेक वेळा धरण्यातच चूक असते आणि ती एका बैठकीत सुधारते. दोन आठवड्यांत वजन जन्माच्या आकड्यावर परत यायला हवं. तिथून पुढे रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ हवी. हे वजन शक्यतो त्याच काट्यावर आणि बाळाचे कपडे काढून करा.

दूध पुरतं की नाही, हे आईकडे बघून ठरवू नका. बाळाच्या रडण्यावरूनही ठरवू नका. शू मोजा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. शेजारीण काहीही म्हणो. वरचं दूध सुरू करा म्हणणारे पुष्कळ भेटतात, आधी वजन करून बघा म्हणणारा एखादाच.

सव्वा महिना आणि आशाताई

आपल्याकडे सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला बाहेर काढत नाहीत. बाळंतिणीला विसावा मिळतो, गर्दीत बाळाला नेलं जात नाही, तेवढ्यापुरती ही रीत चांगलीच आहे. लग्न, जत्रा, मॉल, सगळं बंद ठेवा. दवाखाना मात्र त्यात धरू नका. सव्वा महिना म्हणजे जवळजवळ चाळीस दिवस, आणि बाळाच्या जिवाला सर्वांत जास्त धोका असतो तो याच दिवसांत.

गावात असाल तर आशाताई तुमच्या दारी येतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. त्या बाळाचं वजन करतात, ताप बघतात, बेंबी बघतात, दूध पिताना बाळाला बघतात. "बाळ आता झोपलंय, नंतर या," असं म्हणून त्यांना दारातून परत लावू नका. त्यांच्या यादीत अशी बरीच घरं असतात, आणि त्या पायी फिरतात.

ही पद्धत आपल्या महाराष्ट्रातच घडली. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवलं. घरोघर जाऊन बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचे, धोक्याची खूण ओळखायची, गरज पडली तर औषध सुरू करायचं. १९९९ साली त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. शेजारच्या, ही सोय नसलेल्या गावांशी तुलना करता या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६० टक्क्यांहून जास्त घटले होते. २०११ पासून देशभर आशा बाळाच्या घरी जातात, त्यामागे हे काम आहे. तेव्हा आशाताईंच्या पिशवीतल्या त्या झोळीच्या वजनकाट्याला कमी लेखू नका.

तरीही आशाताई डॉक्टरांची जागा घेत नाहीत. बाळाच्या छातीला नळी लावणं, खुबे फिरवून बघणं, डोळ्यांत उजेड टाकून बघणं, हे डॉक्टरांचंच काम. शहरात फ्लॅटमध्ये राहत असाल तर बहुधा दारी कुणीच येणार नाही. तारखा तुम्हालाच पाळायच्या आहेत.

चौदाव्या दिवसाच्या सुमारास एक गोष्ट घरीच नीट बघा. बाळ अजून पिवळं आहे का? शी पांढुरकी, भिजवलेल्या पिठाच्या रंगाची होते का? शू इतकी गडद आहे का की बाळोत्यावर पिवळा डाग राहतो? असं असेल तर पित्ताची नळी बंद असू शकते. त्याचं ऑपरेशन बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत झालं तर यश येण्याची शक्यता जास्त असते. "जाईल हळूहळू" म्हणत थांबायला इथे वेळच नाही. शीचा फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा. यात लाजण्यासारखं काही नाही. आम्हाला असे फोटो रोज येतात.

माहेर, सासर आणि कार्ड

पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तपासण्या सासरच्या गावात झालेल्या असतात, बाळ माहेरच्या गावात असतं. सासरच्या आशाताईंना वाटतं, तिकडे बघत असतील. माहेरच्यांना वाटतं, नाव तिकडे आहे. बाळ दोन्ही याद्यांतून सुटतं. मग तिसऱ्या महिन्यात बाळ वाजतगाजत सासरी येतं, आणि कार्ड माहेरच्या कपाटात राहतं.

यावर उपाय साधा आहे. माहेरी पोचल्याच्या आठवड्यात तिथल्या आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरना बाळाचं नाव सांगून या. माता-बाल संरक्षण कार्डाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून आई, बाप आणि आजी, तिघांच्या मोबाईलवर ठेवा. नोंदणीला दिलेला मोबाईल नंबर बदलू नका, बदललात तर कळवा. सरकारी केंद्रातले डोस कुठल्याही गावात मोफत मिळतात. "आमचं गाव हे नाही" म्हणून मागे राहू नका. ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्या घरांनी तर निघताना कार्ड सगळ्यांत आधी बांधून घ्यावं.

बाळ आठव्या महिन्यात किंवा त्याआधी जन्मलं असेल, किंवा वजन दोन किलोपेक्षा कमी असेल, तर अजून एक तारीख तांबड्या पेनाने लिहून ठेवा. जन्मापासून ३० दिवसांच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. फारच लहान बाळ असेल तर आणखी लवकर. बाळ पेटीतून वाचून घरी आलं, या आनंदात हे विसरून जातं. वरून डोळे सुरेख दिसतात. आत पडद्यावरच्या नसा वेड्यावाकड्या वाढत असतात. वेळेत कळलं तर लेसरने नजर वाचवता येते. उशीर झाला तर बाळ कायमचं आंधळं होऊ शकतं.

दीड महिना

या भेटीला बहुतेकजण येतात, कारण डोस असतो. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस तुम्हाला आशाताईंनी सांगितलेले असतात. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ, न्यूमोनिया, जुलाब, यांपासून ते बाळाला वाचवतात. डोसानंतर ताप आला तर घाबरू नका. किती थेंब औषध द्यायचं ते बाळाच्या वजनावरून ठरतं, ते तिथेच लिहून घ्या. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी पुळी येते, फुटते, व्रण राहतो. तसंच व्हायचं असतं. त्यावर हळद, मलम काही लावू नका.

नुसता डोस घेऊन मात्र परत फिरू नका. "बाळाला एकदा नीट तपासता का?" असं म्हणा. डोक्याचा घेर, हृदयाचे ठोके, खुबे, मुलगा असेल तर गोळ्या खाली उतरल्या आहेत का, हे सगळं याच वेळी बघायचं. बाळ तुमच्या चेहऱ्याकडे बघतं का, हसायला लागलं का, हे तुम्हीच सांगायचं.

खुब्यावरून आठवलं. बाळाचे पाय सरळ ओढून, दुपट्यात घट्ट आवळून बांधायची आपल्याकडे सवय आहे. पाय सरळ राहतील म्हणून. त्याने पाय सरळ होत नाहीत, कच्चा खुबा मात्र निखळू शकतो. दुपट्यात बाळाचे पाय बेडकासारखे दुमडलेले, मोकळे राहू द्या. बाळ पायाळू असेल आणि त्यात मुलगी असेल, तर खुब्याच्या सोनोग्राफीबद्दल आवर्जून विचारा.

घरच्या रीती

आजी, हा भाग तुमच्यासाठी. तुम्ही मुलं वाढवलीत, तुमचा हात बाळाला लागतो म्हणून बाळंतीण सावरते. मालिश करा. पोटाशी धरून झोपवा. अंगाई म्हणा. टाळूवर तेल लावा, फक्त दाबू नका.

काही गोष्टी मात्र सोडून द्या. मध चाटवू नका. त्यातून होणारा विषार वर्षाच्या आतल्या बाळाला लुळं करू शकतो. गुटी, साखरपाणी, ग्राइप वॉटर, साधं पाणीसुद्धा सहा महिने नको. पहिला पिवळा चीक काढून टाकू नका, तो बाळाचाच आहे. कानात-नाकात तेल घालू नका. नाकातलं तेल फुप्फुसात उतरू शकतं. डोळ्यांत काजळ नको. बेंबीला हळद, राख, शेण काही नको. ती कोरडी ठेवली की आपोआप गळून पडते. बाळाच्या छातीला गाठ आली, दूध आलं, तरी पिळू नका. ते आईच्या अंगातल्या रसांमुळे येतं आणि जातं. मुलीला पहिल्या आठवड्यात थोडं लाल गेलं तरी कारण तेच. पाठीवर, ढुंगणावर निळसर डाग असतील तर ते मार नव्हे, पुढे फिके होतात.

मेळघाटासारख्या भागांत पोट फुगलं, बाळ निस्तेज झालं की पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देतात. बाळ वाचावं म्हणूनच देतात, हे मला ठाऊक आहे. पण पोट फुगणं ही मोठ्या दवाखान्यात न्यायची खूण आहे, आणि चटक्याची जखम त्या बाळाला आणखी खाली ओढते.

आणि दृष्ट. दृष्ट काढायची असेल तर काढा. आधी रिक्षाला फोन करा, ती येईपर्यंत काढा.

तारखेची वाट बघायची नाही तेव्हा

बाळ दूध ओढेनासं झालं. उठवूनही उठत नाही, हातपाय गळून पडलेत. झटके आले. बरगड्यांखाली खड्डे पडतायत, कण्हतंय. ओठ निळे पडले. हिरवी उलटी झाली. शीतून रक्त आलं. बेंबीभोवती लाली, पू आला. यातलं एक जरी दिसलं तरी तडक निघा. १०८ ला फोन करा.

श्वास मोजायचे तर बाळ शांत असताना, घड्याळ लावून, पूर्ण एक मिनिट मोजा. ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा एकदा मोजा. पुन्हा तेवढेच आले तर निघा.

थर्मामीटर घरात हवाच. काखेत १००.४ भरला तर घरचं औषध न देता दवाखान्यात न्या. ९९.५ च्या वर असेल तर कपडे सैल करून अर्ध्या तासाने पुन्हा बघा, उतरला नाही तर न्या. तान्हं बाळ गार पडणं हेही तापाइतकंच वाईट. ९७.७ च्या खाली असेल तर आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्या. तरी ऊब आली नाही तर तसंच छातीशी धरून दवाखान्यात न्या. निघताना वाटेत दूध पाजत राहा.

जाताना

सकाळी लवकरची वेळ घ्या, तेव्हा आजारी मुलांची गर्दी कमी असते. सोबत कार्ड, सुट्टीचा कागद, दोन बाळोती, एक दुपटं. मनातले प्रश्न आदल्या रात्री कागदावर लिहा. डॉक्टरांच्या खुर्चीसमोर बसलं की निम्मे विसरतात.

बापाने गाडी लावत बाहेर थांबू नये. आत यावं. सांगितलेलं ऐकायला चार कान असले की घरी गेल्यावर भांडण होत नाही.

आणि बाळंतिणीकडेही बघा. तिला ताप आहे का, अंगावरून जास्त जातंय का, हे विचारा. ती सारखी रडते, बाळाकडे बघत नाही, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, असं दोन आठवडे चाललं असेल तर तो आळस नाही, नखरा नाही. बाळंतपणानंतर येणारं ते दुखणं आहे आणि त्यावर उपचार आहे. बाळाच्या भेटीतच तिचंही सांगा. आम्ही ऐकून घेतो, आणि पुढे कुणाकडे जायचं तेही सांगतो.

तुमच्या घरात आज दीड महिन्याच्या आतलं बाळ असेल, तर हे वाचून झाल्यावर ते कार्ड शोधा. पुढची तारीख कोणती ते बघा. ती उलटून गेली असेल तर उद्या सकाळी जा. उशिरा आलात म्हणून तिथे कुणी चार शब्द बोललं, तर ऐकून घ्या. बाळाला पायापासून डोक्यापर्यंत तपासून, वजन कार्डावर लिहून घेऊनच घरी या.